बिनकामाचं बोलणं

हेडफोन काढल्यावर नवऱ्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याने तो बुटक्या टेबलावर ठेवला, वायर गुंडाळली, पुन्हा सोडवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात सगळेच मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले होते. वर्गशिक्षिका होत्या, गणिताचे सर होते, खेळाचे सर होते आणि पालक म्हणून ती दोघं. त्यांची मुलगी तिसरीत होती. लहानपणी गालात काही ना काही साठवून ठेवायची म्हणून घरात तिला खारू म्हणत. तिला जन्मापासून कमी ऐकू यायचं, दोन्ही कानांमागे मशिनं होती, आणि शाळेच्या वहीत वर्षभर एकच शेरा येत होता : लक्ष नसतं. शेवटी कानाच्या दवाखान्यातल्या श्रवणतज्ज्ञ बाईच एक यंत्र आणि पिशवीभर हेडफोन घेऊन शाळेत आल्या. या मुलीला वर्गात जे ऐकू येतं ते तुम्ही एकदा ऐका, मग ठरवा तिचं लक्ष असतं की नसतं, असं त्यांचं म्हणणं.

तिला स्वतःला तिथे करण्यासारखं काही नव्हतं. खारूचे कान तिच्यावरच गेले होते. हेडफोन वाटताना बाईंनी सवयीने तिच्यापुढेही एक धरला आणि तिच्या केसांतलं मशीन दिसताच त्यांचा हात मधेच थबकला. न घेणं जास्त अवघड झालं असतं, म्हणून तिने तो हसून घेतला. बाईंनी आधी वर्गाचा आवाज जसा असतो तसा ऐकवला, मग खारूच्या कानांनी. कोणी बाई धडा वाचत होती, पंखा घरघरत होता, बाक सरकत होते. तिला दोन्ही वेळा सारखंच वाटलं. तिने हेडफोन गळ्यात सोडला आणि चेहरे बघू लागली. चेहरे बघण्यात तिचा जन्म गेला होता. बाईंनी शुद्धलेखन घातलं तेव्हा खेळाचे सर आधी हसले, मग शेजारच्या कागदात डोकावले, मग हसायचे थांबले. साखर, खिसा, ससा यांतला स गळून पडला होता आणि प्रत्येकाने राहिलेल्या तुकड्यांचं आपापलं काहीतरी जुळवलं होतं. आवाज कमी येत नाही, अक्षरं गळतात, बाई सांगत होत्या. हे मूल दिवसभर कोडी सोडवत असतं, दुपारपर्यंत दमून जातं, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. वर्गशिक्षिकेने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्या फळ्याकडे बघत होत्या, जणू तिथे त्यांना त्यांचीच पाठ दिसत होती.

पण ती बघत होती ते नवऱ्याकडे. तोंड किंचित उघडं, मान पुढे आलेली, डोळे बोलणाऱ्याला शोधणारे. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. तिच्या शाळेच्या सगळ्या फोटोंत तिचा तोच चेहरा आहे. आला, असं तिला वाटलं. इतकी वर्षं ती जिथे राहते त्या जागेच्या दारात तो येऊन उभा होता आणि आत कोण आहे ते बघत होता. आता हेडफोन काढेल, माझ्याकडे बघेल. काय बोलेल याची तिला घाई नव्हती, त्याने फक्त बघायला हवं होतं. आणि तो खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींची छपरी आणि एक गळका नळ. परतताना त्याने गाडीत एक शब्द काढला नाही. सिग्नलला थांबल्यावर मात्र पूर्ण वळला, तिच्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाला, ‘घरी जाताना दूध घ्यायचं आहे का?’

तिथून ते सुरू झालं. तो आता तिच्याशी बोलण्याआधी खांद्याला हात लावायचा. खोलीत अंधार असेल तर आधी दिवा लावायचा. एकेक शब्द ताटात वाढल्यासारखा वेगळा ठेवायचा, ओठ असे ताणायचा की ओळखीचे शब्दही परके दिसत. दुसऱ्या खोलीतून हाक मारणं बंद झालं. दाढी करताना पुटपुटणं बंद झालं. गाडी चालवताना तर तो अजिबात बोलेनासा झाला. काही सांगायचंच असलं तर गाडी कडेला घेई, हँडब्रेक ओढी, आणि मग सांगे की उद्या विजेचं बिल भरायला हवं. सगळं बरोबर होतं. श्रवणतज्ज्ञ बाईंच्या सूचनांत नेमकं हेच होतं आणि खारूच्या बाबतीत त्याचा गुण दिसतही होता. वर्गशिक्षिकेने तिला खिडकीजवळून पुढच्या बाकावर आणलं, बाकांच्या पायांना रबराच्या टोप्या बसवून घेतल्या, फळ्यावर लिहून झाल्यावर वळून बोलायला सुरुवात केली. ‘बाई आता तोंड दाखवतात,’ खारूने घरी सांगितलं. शाळेतून आल्या आल्या टेबलाखाली शिरून भिंतीकडे तोंड करून पडणारी पोर आता कधीकधी सरळ खेळायला जायची. एका संध्याकाळी ती बूट काढताकाढता म्हणाली की बाबा हल्ली बातम्या दिल्यासारखे बोलतात. तिने पोरीला गप्प केलं. बाबा आपल्यासाठीच करतात ना, म्हणाली. आणि कपाटातल्या कपड्यांच्या उगाच पुन्हा घड्या घालत बसली. तक्रार करायची ती कशाबद्दल? माझा नवरा माझ्याशी नीट बोलतो, याबद्दल?

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे येत, त्यावर ती मेणाची कड चढवून एकेक दात बसवायची. माणूस न बघता त्याचं तोंड ओळखायची तिला सवय होती. कोण एकाच बाजूने चावतं, कोण झोपेत दात खातं, ते साच्यात दिसतं. प्लास्टर ओतणारा म्हातारा कारागीर सोडला तर तिथे कोणी फारसं बोलत नसे, आणि यंत्राच्या घरघरीत बोलणारा आणि ऐकणारा सारखेच बहिरे. ती तिथे सुखी होती. नवी कवळी बसली की माणूस पहिले काही दिवस फार जपून बोलतो हे तिला ठाऊक होतं. प्रत्येक शब्दाआधी जीभ दात चाचपते. घरचे म्हणतात, हे असे काय परक्यासारखे बोलतात. मग कधीतरी जीभ कवळीला विसरते आणि माणूस पुन्हा घरात येतो. याचंही तसंच होईल, ती कवळीचे दात घासताना स्वतःला समजवायची. विसरेल. पण आठवडे गेले आणि तो विसरेना.

लहानपणी तिच्याशी सगळे असेच बोलायचे. तिच्या आईला हे बाईंसारख्यांनी शिकवलं नव्हतं, तिचं ती शिकली होती. समोर बसून, हनुवटी धरून, मोठ्याने : जेवलीस? थंडी वाजते? अभ्यास झाला? त्यात माया होती, तिला ती कळायचीही. पण जेवणाच्या टेबलावर सगळे हसायचे आणि ती विचारायची, काय झालं, तेव्हा आई म्हणायची, काही नाही गं, असंच. ते असंच तिला हवं होतं. तिच्या वाट्याला फक्त कामाची वाक्यं यायची. बाकी घर त्या असंचवर चालायचं, चुलत्यांच्या नकला, शेजाऱ्यांची भांडणं, काल बसमध्ये काय झालं. एवढं सगळं पुन्हा मोठ्याने सांगायला कोणाला वेळ असतो, आणि सांगितलं तरी त्यातली मजा हनुवटी धरताच उडून जायची. सगळे जेवून उठत आणि ती पोट भरून उपाशी उठे.

नवरा तिला भेटला तो कामाच्या दारात. तो गाडी चालवायला शिकवायचा, अजूनही तेच करतो. प्लास्टरवाला म्हातारा उतारवयात गाडी शिकायच्या भरीस पडला होता आणि त्याला न्यायला हा बाहेर गाडीला टेकून उभा राहायचा. एकदा ती बाहेर पडताना तो तिला काहीतरी म्हणाला. तिला वाटलं महत्त्वाचं असेल, तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं, ती आणखी जवळ गेली. तो म्हणत होता की ही कबुतरं पंख असून रस्ता चालत का ओलांडतात. एवढंच. ती किती तरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तिला बिनकामाचं काहीतरी सांगितलं होतं. त्याला तिची मशिनं दिसली होती, नंतर त्याने तसं सांगितलंही, पण त्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोर भिंत असली तरी त्याला चाललं असतं. लग्नानंतर तो सगळीकडून बोलायचा, न्हाणीघरातून, जिन्यातून, तोंडात घास असताना. गाडीत समोर रस्त्याकडे बघत शिकाऊ लोकांच्या गोष्टी सांगायचा आणि तिला त्याचं अर्धंच तोंड दिसायचं. ते अर्धं तोंड तिने पाठ केलं होतं. जे सुटायचं ते ती स्वतःच्या पदरचं घालून भरायची. ध चा मा तर रोजचा. एकदा तिने ‘खिसा’चं ‘खिळा’ ऐकलं तेव्हापासून त्यांच्या घरात किल्ल्या खिळ्यात ठेवतात. कधी ती त्याचीच गोष्ट त्याला परत सांगायची तेव्हा तो पोट धरून हसायचा, म्हणायचा, माझ्यापेक्षा तुझी चांगली झालीय. आता त्या गोष्टी बंद झाल्या होत्या. घरात फक्त विजेचं बिल होतं, दूध होतं, खारूच्या मशिनातल्या सेलचं पाकीट होतं. ते शब्द स्वच्छ होते, एकही अक्षर गळत नव्हतं. समोर बसलेल्या माणसाची इतकी आठवण येऊ शकते हे तिला माहीत नव्हतं.

एका दुपारी कामाच्या ठिकाणी वीज गेली ती येईना, तेव्हा मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. खारूची शाळा सुटायला अवकाश होता. ती पायीच त्या मैदानाकडे निघाली जिथे तो शिकाऊ लोकांकडून गाडी मागे घ्यायचा सराव करून घेतो. ऊन होतं. मैदानात पत्र्याचे डबे ओळीने मांडले होते आणि पलीकडे झाडाखाली गाडी उभी होती. तो एकटाच होता, आपल्या जागेवर, शिकवणाऱ्याच्या. ती अजून बरीच लांब होती. समोरच्या काचेतून तिला तो बोलताना दिसला. फोन नव्हता, शेजारी कोणी नव्हतं. तो समोर डब्यांकडे बघत बोलत होता, मधेच हात उडवत होता, मधेच मान हलवून स्वतःच्याच बोलण्याला हसत होता. ओठ ताणलेले नव्हते. शब्द एकमेकांवर पडत होते. ती उन्हात उभी राहिली. लांबून तिला त्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं आणि तरी डोळे भरून आले. ते आटलं नव्हतं तर. ते सगळं होतं, तसंच, वाहत होतं. फक्त तिच्या घराकडे येणारी वाट त्याने बंद केली होती. डब्यांना ते मिळत होतं. तिला त्या पत्र्याच्या डब्यांचा हेवा वाटला आणि मग राग आला.

ती जाऊन चालकाच्या जागेवर बसली आणि दार ओढून घेतलं. तो दचकला, तोंड मिटलं, अंगासकट तिच्याकडे वळला. काय झालं, खारू ठीक आहे ना, त्याने एकेक शब्द सोडवून विचारलं. तिने वीज गेल्याचं सांगितलं.

‘कोणाशी बोलत होतास?’

‘कोणाशी नाही. असंच.’

ते असंच त्याच्या ओठांवर दिसताच तिचा धीर सुटला. आठवड्यांचं साठलेलं तिने भराभरा सांगून टाकलं. त्या हेडफोनमध्ये त्याने ऐकलं ते तिचं नव्हतं. तो थोडा वेळ बहिरा झाला होता. ती कधी बहिरी झालीच नाही, ती अशीच आहे, तिला यात राहता येतं, यात तिचं घर आहे. खारूला शाळेत जे लागतं ते लागतंच, तिथे तिची काही तक्रार नाही. पण घरात त्याने तिच्याशी डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं बोलू नये. पाठमोरा बोल, घास तोंडात ठेवून बोल, निम्मं सुटलं तरी चालेल.

‘सुटू दे रे,’ ती म्हणाली. ‘पण बोल.’

मग त्याने जे विचारलं त्याची तिने कल्पना केली नव्हती. ‘आप्पा गेले तेव्हा परत येताना मी तुला सांगत होतो,’ तो म्हणाला. ‘गाडीत. वळणांचा रस्ता लागला तिथपासून घर येईपर्यंत. त्यातलं तुला काय ऐकू आलं?’

आप्पा म्हणजे त्याचे वडील. ते जाऊन काही वर्षं झाली होती. तिला तो प्रवास आठवत होता. मागे खारू झोपली होती. तो समोर बघत चालवत होता, त्याचा जबडा थरथरत होता आणि त्या पाठ असलेल्या अर्ध्या तोंडातून तिला कधी आप्पा, कधी दादा, कधी हो, एवढंच हाती लागत होतं. जे चाललंय ते फार मोठं आहे हे तिला कळलं होतं. आणि रडणाऱ्या माणसाला, काय म्हणालास, असं विचारता येत नाही. तिने मान हलवली होती, एका जागी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. आता त्याच्याकडे बघताना तिला उमगलं की तो त्या हातावर इतकी वर्षं विसंबून राहिला आहे. जगात एका माणसाला हे माहीत आहे, असं समजून. तिला हो म्हणता आलं असतं. न कळलेल्याला हो म्हणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. दुकानात, शाळेत, सासरी, ती हजारदा हो म्हणाली होती.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तू रडत होतास, एवढं कळलं. हात त्यासाठी ठेवला होता.’

तो पुन्हा समोर बघू लागला. मग तुटक तुटक बोलला, तिच्याकडे वळायचं विसरून, आणि ती पुढे वाकून त्याच्या गालावरून वाचत गेली. शाळेत हेडफोन लावला तेव्हा आधी त्याने खारूचाच विचार केला. मग एकदम तो रस्ता आठवला. इंजिनाचा आवाज, उघडी खिडकी, आणि आपण समोर तोंड करून बोलतोय. आपण तेव्हा एकटेच होतो हे त्याला त्या बुटक्या खुर्चीवर कळलं. म्हणून तिच्याकडे बघवलं नाही. त्यानंतर काही सांगायला तोंड उघडलं की भीती वाटायची, हेही असंच जाईल. त्यापेक्षा जे पोचेल तेवढंच बोलावं. ती इतके दिवस ज्याला कीव समजत होती ते हे होतं. ती त्याच्यासाठी झुरत होती आणि तो त्या रस्त्यावर तिला शोधत होता.

आता सांग, ती म्हणाली. त्याने मान हलवली. तू तोंडाकडे बघत असताना नाही सांगता येणार, म्हणाला. कोणी असं टक लावून बघत असलं की ते येत नाही. तिने थोडा विचार केला. मग हात वर करून मधला आरसा त्याच्या बाजूला फिरवला, आणखी थोडा खाली केला, आणि त्यात त्याच्या नाकापासून हनुवटीपर्यंतचा एवढासा तुकडा आल्यावर थांबली. डोळे त्यात नव्हते. समोर बघ आणि बोल, तिने सांगितलं, मी पण समोरच बघतेय.

तो बोलला. शेवटच्या दिवसांत आप्पांना माणसं ओळखू येत नव्हती. हा उशाशी बसलेला असायचा आणि ते याला दादा समजायचे, थोरला, जो परदेशात होता आणि वेळेवर पोचणार नव्हता. पहिल्या दिवशी याने सांगून पाहिलं, आप्पा, मी धाकटा. त्यांचा चेहरा असा पडला की पुन्हा सांगवलं नाही. मग तो दादाच झाला. दादाच्या नोकरीबद्दल विचारलं की उत्तरं देई, दादाच्या मुलांची खुशाली सांगे, हो आप्पा, हो आप्पा म्हणे. ते दादाचा हात धरून गेले. याचा निरोप त्यांनी घेतलाच नाही. हे सगळं आरशातल्या त्या तुकड्यात येत होतं, भराभर, शब्दावर शब्द, जुन्या सवयीने शेवटची अक्षरं गिळत, आणि ती ते उचलत होती. काही सुटत होतं, काही ती भरत होती. शेवटाकडे ओठ फारच थोडे हलले. आप्पांनी दादाला धाकट्याबद्दल काहीतरी सांगितलं होतं. तिथे ती अडली. इथे तिला स्वतःच्या पदरचं काही घालायचं नव्हतं.

‘परत सांग,’ ती म्हणाली.

त्याने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने नाही, सावकाश नाही, समोर डब्यांकडे बघत, पुटपुटत : आप्पा म्हणाले, धाकट्यावर लक्ष ठेव, तो बडबडतो तोवर काळजी नाही, गप्प झाला की त्याच्याजवळ जाऊन बस.

आता तिला सगळं कळलं होतं, एकही अक्षर सुटलं नव्हतं. मैदानाच्या टोकाला पुढचा शिकाऊ येऊन उभा राहिलेला दिसत होता. तिने आरशावरचे डोळे काढले नाहीत.

‘परत,’ ती म्हणाली.